विषारी सापांचे रक्षण आणि शेतकऱ्याचे हित

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची काढणी सुरू झाली म्हणजे उपटलेल्या ताटांखाली व कडब्याच्या गंजीत उंदीर आश्रय घेतात, आणि भक्ष्याच्या शोधात त्यांच्या मागोमाग घोणस येते. माळावरील दगडगोट्यांत व काट्याकुट्यांच्या ढिगांत फुरसे दडून बसते. हे दोन्ही साप एकाच कुळातील होत. दात लांब व दुमडणारे, डोके त्रिकोणी आणि पिल्ले जिवंत जन्मास घालण्याची रीत, ही त्यांची लक्षणे आहेत. घोणस डिवचली असता लोहाराच्या भात्यासारखा फूत्कार करते, तर फुरसे अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करकर असा आवाज काढते. नाग व मण्यार यांच्यासह हे दोघे आपल्याकडील सर्पदंशाच्या बहुतेक मृत्यूंना कारणीभूत होतात.

साप दिसताच मारावा, ही समजूत यातूनच रूढ झाली. सरकारनेही पूर्वी हाच मार्ग अवलंबिला होता. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली बक्षिसाची रक्कम वाढविताच अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारण्यात आली. तरीही कोकणातून फुरसे नाहीसे झाले नाही व दंशाची भीतीही सरली नाही. केवळ मारण्याने हा प्रश्न सुटत नाही, हाच त्या प्रयोगाचा धडा होय.

शास्त्रज्ञांचे सहकार्य

या कुळातील साडेतीनशेंहून अधिक जाती जगात आहेत. त्यांपैकी अनेक जातींचे अस्तित्व धोक्यात आले आहे. गवताळ राने नांगराखाली येणे, वणवे, रस्त्यांवरील वाहने आणि माणसाचा द्वेष ही त्याची प्रमुख कारणे होत. जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या छत्राखाली या सापांच्या अभ्यासकांचा स्वतंत्र गट कार्य करीत आहे. ब्रायन मारित्झ व निरनिराळ्या देशांतील त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये कोणत्या जातींकडे प्रथम लक्ष पुरवावे, याचा क्रम प्रसिद्ध केला. हंगेरीत तेथील गवताळ मैदानांतील दुर्मिळ सापासाठी २००४ मध्ये प्रजनन केंद्र काढण्यात आले आणि २०१० पासून तेथे वाढविलेले साप पुन्हा कुरणांत सोडण्यात येऊ लागले. त्यासाठी प्रथम कुरणेच सुधारावी लागली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडे नान्नजच्या माळरानास माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. गवत राखले म्हणजे पक्षी, काळवीट व सरपटणारे प्राणी या सर्वांनाच आसरा मिळतो.

घोणस व फुरसे आज आपल्याकडे दुर्मिळ झालेले नाहीत. परंतु जे आज मुबलक आहे त्याचे मोल वेळीच ओळखणे हे शहाणपणाचे असते.

सापाच्या विषातच औषध

सर्पदंशावरील एकमेव खात्रीचे औषध म्हणजे प्रतिविष होय. जिवंत सापाचे विष काढून ते अत्यल्प प्रमाणात घोड्यांना टोचतात व घोड्यांच्या रक्तातून ही लस तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने या कार्यात दीर्घकाळ पुढाकार घेतला आहे. साप जिवंत नसतील तर लसही होणार नाही. हृदयविकारात रक्ताची गुठळी रोखण्यासाठी वापरले जाणारे तिरोफिबान हे औषधही फुरशाच्या विषाच्या अभ्यासातूनच निघाले.

एका जातीच्या सापाचे विष सर्वत्र सारखे नसते, ही बाब कोरडवाहू भागाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, कोरड्या प्रदेशातील घोणशीच्या विषात प्रथिनांचे विघटन करणारी द्रव्ये सामान्यतः अधिक प्रभावी असतात. म्हणून त्या त्या प्रदेशास अनुरूप अशी लस तयार करण्यासाठी तेथील सापांचा अभ्यास आवश्यक ठरतो.

शेतकऱ्याने काय करावे

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० मधील एका अभ्यासात करण्यात आला आहे. त्यांत बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. तेव्हा सापाचे रक्षण याचा अर्थ माणसाच्या जिवाची उपेक्षा, असा नव्हे. दोन्ही गोष्टी पुढील साध्या उपायांनी साधतात.

कडबा, पाचट व सरपण घरालगत रचू नये. धान्य उंदरांना शिरता येणार नाही अशा कणगीत ठेवावे. काढणीच्या वेळी व रात्री पिकास पाणी देताना उंच बूट घालावेत व विजेरी जवळ बाळगावी. गंज उपसताना प्रथम काठीने हलवून मगच हात घालावा. जमिनीवर झोपणे टाळावे व मच्छरदाणी लावावी.

दंश झाल्यास रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने त्वरित सरकारी रुग्णालयात न्यावे. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे व मांत्रिकाकडे वेळ दवडणे हे सर्व घातक होय. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणून जखम कापल्यास रक्तस्राव थांबत नाही. साप पकडण्याच्या वा मारण्याच्या खटपटीत दुसरा दंश होण्याचा धोका असतो.

वस्तीत साप आल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. बांधावरील घोणस उंदीर खाऊन आपल्या ज्वारीची राखण करते. तिच्यापासून अंतर राखावे, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. यातच शेताचे व घराचे कल्याण आहे.