थंडी कमी झाली, हे कसं ओळखायचं?

कामं आवरून ऐकायला बसलात ना? आज आपण थंडीबद्दल बोलणार आहोत. "आता पूर्वीसारखी थंडी राहिली नाही" हे वाक्य डिसेंबर-जानेवारीत गटाच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. ते खरं आहे का? आणि खरं असेल, तर आपल्या गटाच्या पैशाशी त्याचा काय संबंध?

नवी मुंबईतल्या आमच्या एका गटात २०२४ च्या डिसेंबरात यावरूनच वाद झाला. हा गट उन्हाळ्यात लोणचं आणि आंबापोळी करतो. त्यासाठी ओळखीच्या बागायतदाराला आगाऊ रक्कम द्यायची होती. एक ताई म्हणाल्या, "यंदा थंडी छान पडली, मोहोर भरपूर येणार, पैसे देऊन टाकू." दुसऱ्या म्हणाल्या, "कसली थंडी? गेल्या आठवड्यात तर पंख्याशिवाय झोप नव्हती."

दोघींचंही खरं होतं. मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रात ४ डिसेंबरला दिवसाचं तापमान ३७.३ अंशांवर गेलं होतं. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या पहाटे ते १३.७ अंशांवर उतरलं. एका आठवड्यात उन्हाळाही झाला आणि हिवाळाही. मग त्या वर्षी थंडी होती म्हणायचं की नव्हती?

एका दिवसावरून ते सांगता येत नाही. एका महिन्याची वसुली बघून आपण गट चांगला की वाईट ठरवत नाही, वर्षाचं पासबुक बघतो. हवामान खातंही तसंच करतं. सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी धरतात आणि आजचा आकडा तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते बघतात. सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असतं. एखादी पहाट १४ ची आली आणि बाकीचा महिना १९-२० वर राहिला, तर तो महिना उबदारच म्हणायचा. शाल काढावी लागली ती एक पहाट तेवढी आपल्या लक्षात राहते.

दुसरी गोष्ट, जागा एकच हवी. सांताक्रूझची सर्वांत थंड नोंद आहे २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंश. त्याच दिवशी कुलाब्याला होते ११.७ अंश. शहर एकच, दिवस एकच, पण चार अंशांचा फरक. कारण कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्र. म्हणून कर्जतची पहाट आणि तुर्भ्याची पहाट यांची तुलना करू नये. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, त्यामुळे तिथल्या नोंदी खूप जुन्या आहेत. आपली नवी मुंबई शहर म्हणून वसायला लागली १९७० नंतर. त्याआधी इथे भातशेती, मिठागरं आणि कोळीवाडे होते. म्हणून खाडीपलीकडच्या सांताक्रूझच्या आकड्यांवरून आपल्याला फक्त दिशा कळते. नेमकं आपल्या गावाचं त्यातून कळत नाही.

तिसरी गोष्ट, दिवस आणि रात्र वेगळी बघायची. कडक ऊन पूर्वीही पडायचं. सांताक्रूझला २५ फेब्रुवारी १९६६ ला ३९.६ अंशांची नोंद आहे. २०२५ च्या फेब्रुवारी अखेरीस ३८.७ अंश झाले तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं, पण तो विक्रम नव्हता. बदल कळतो तो पूर्ण महिना आणि पूर्ण वर्ष बघितल्यावर. देशभराच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या तापमानात सर्वांत तापलेला ठरला. २०२४ हे पूर्ण वर्षच सर्वांत उष्ण ठरलं. त्या वर्षी दिवसाचं तापमान सरासरीपेक्षा ०.२० अंशाने जास्त होतं, आणि रात्रीचं ०.९० अंशाने. म्हणजे रात्री जास्त तापल्या. आपली थंडी तर रात्रीचीच!

रात्र गार का होत नाही? दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशाकडे सोडते. आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असेल, तर पहाटेपर्यंत ती चांगली निवते. ढग आणि दमटपणा असेल, तर अंगावर गोधडी घातल्यासारखं होतं. सिमेंट आणि डांबर म्हणजे तर चुलीचे दगडच. जाळ विझला तरी तासन्तास गरम राहतात. त्यात आपली थंडी उत्तरेच्या वाऱ्यावर अवलंबून असते. हिमालयात बर्फ पडून गेलं की मागून गार, कोरडे वारे खाली येतात. ते कमी आले किंवा वाऱ्याने दिशा बदलली की आपल्याकडे पहाट उबदार राहते. आणि या सगळ्याखाली पृथ्वीचंच तापमान कोळसा-तेलाच्या धुराने वाढत चाललं आहे.

आता आपल्या कामाकडे येऊ. हापूसला मोहोर यायला सलग काही रात्री गारवा लागतो. तो मिळाला नाही तर झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. थंडी फार लांबली तरी पंचाईत होते, कारण पुन्हा मोहोर येतो आणि आधीची बारीक कैरी गळते. फेब्रुवारीत ऊन एकदम वाढलं तरी फळगळ होते. म्हणजे ९ डिसेंबरच्या एका पहाटेवर पैसे लावणं धोक्याचंच होतं. आमच्या गटाने शेवटी रक्कम दोन भागांत करायचं ठरवलं. थोडी बोलणी पक्की करायला, आणि बाकीची झाडावर कैरी सुपारीएवढी झालेली दोघींनी जाऊन बघितल्यावर. बागायतदारालाही ते पटलं, कारण कबूल केलेला माल न आल्याचं ओझं त्याच्याही डोक्यावरून उतरलं.

भातानंतर वाल घेणाऱ्या मैत्रिणींनो, तुमचा वाल जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर वाढतो. ऊब वाढली की ओल लवकर उडते आणि फूल गळतं. भात कापल्यावर पेरणी लांबवू नका. सुकी मासळी करणाऱ्यांना कोरडा वारा लागतो. हवा दमट राहिली की बोंबील वाळायला जास्त दिवस लागतात आणि वास धरतो. पापड-कुरडयांचं काम फेब्रुवारी अखेरपर्यंत दुपारी करायची सवय असेल, तर ते सकाळी घ्या. किनारपट्टीवर तापमान ३७ च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं, की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. तसा इशारा आला की दुपारचं काम बंद, मग ऑर्डर कितीही मोठी असो.

शेवटी एक काम सांगते. गटाच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज एक ओळ लिहा. साधा तापमापक सावलीत, भिंतीपासून दूर, छातीच्या उंचीवर टांगा. जागा बदलू नका. सूर्य उगवायच्या आधी एकीने आकडा वाचायचा. दव पडलं का, आकाश ढगाळ होतं का, तेही लिहा. गावात पहिला मोहोर कोणत्या तारखेला दिसला, वालाची पहिली शेंग कधी आली, पापड किती तासांत वाळले, हेही टिपा. पहिल्या वर्षी त्यातून फार काही कळणार नाही. पण तीन-चार वर्षांची पानं शेजारी ठेवली की आगाऊ पैसे कधी द्यायचे, कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यापासून लावायचा, हे ठरवताना तुमच्या हातात स्वतःच्या गावाचा आकडा असेल. आज्जींना जुनी थंडी विचारा, जरूर विचारा. त्यांचं सांगणंही त्याच वहीत तारखेसह लिहून ठेवा.

येत्या बैठकीत वाचन कोण करणार ते नावासह ठरवा.