हात कधी लावायचा आणि कधी नाही

कंबरेत उसण भरली की घरातल्या किंवा शेजारच्या पायाळू माणसाला बोलवायचे आणि त्याने दुखऱ्या जागी पाय लावायचा, हा उपाय गावाकडून मुंबईत आलेल्या अनेक घरांना ठाऊक असतो. गंमत अशी की तो पुष्कळदा 'लागू पडतो'. कारण साधे आहे. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मात्र त्या सुमारास ज्याचा पाय किंवा हात पाठीला लागला असेल, त्याला मिळते.

उपनगरांत पायाळूची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. कुणीतरी रुग्णाची मान एका झटक्यात वळवतो, 'कट्' असा आवाज येतो, रुग्ण हसतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनबाहेर पाच-दहा मिनिटे चालले तर फिजिओथेरपीची एक तरी पाटी दिसतेच. आणि नावाखाली 'मॅन्युअल थेरपिस्ट' किंवा तशाच कुठल्या कोर्सची आद्याक्षरे ओळीने लिहिलेली असतात. मान किंवा पाठ ज्याच्या हाती द्यायची, त्याने ती आद्याक्षरे दोन दिवसांत मिळवली की दोन वर्षांत, हे पाटीवरून कळत नाही.

मुंबईला हे शास्त्र नवे नाही. देशात त्याच्या रीतसर शिक्षणाची सुरुवातच इथे झाली. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली. लुळे पडलेले हातपाय पुन्हा कामाला लावायचे होते आणि ते शिकवणारी माणसे नव्हती. त्या गरजेतून, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, परळच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. पुढे पोलिओ ओसरत गेला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. फिजिओथेरपिस्टच्या दारातली रांग मात्र वाढतच राहिली. आता रांगेत असतात ते लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकून विरार गाठणारे, दिवसभर संगणकासमोर मान पुढे काढून बसणारे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत गुडघे धरून तिसरा मजला चढणारे. जगात २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, यावरून या रांगेच्या लांबीचा अंदाज यावा.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी आजवर साडेचार वर्षांची राहिली आहे. चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. राज्य परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. पदवीनंतर दोन रस्ते फुटतात. एक, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. त्यात स्नायू, सांधे आणि मणक्यांची स्वतंत्र शाखा असते. दुसरा, छोटे कोर्स आणि कार्यशाळा. त्यात काही टप्प्याटप्प्याने वर्षभर किंवा त्याहून अधिक चालणारे आणि शेवटी परीक्षा घेणारे असतात, तर काही शनिवार-रविवारी सुरू होऊन सोमवारी प्रमाणपत्राच्या रूपाने भिंतीवर लागणारे.

या कोर्सेसमागची घराणी परदेशी आहेत. लंडनचे डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी दुखणे सांध्यात आहे, स्नायूत आहे की स्नायूबंधात, हे हालचालींवरून वेगळे करण्याची पद्धत बसवली. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांध्यावर हाताने द्यायच्या दाबाच्या पायऱ्या ठरवल्या. अगदी हलक्या हेलकाव्यापासून सांध्याच्या टोकाशी द्यायच्या खोल दाबापर्यंत. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट सांधा किंचित सरकवून धरतो आणि हालचाल रुग्ण स्वतः करतो. त्याच देशातल्या रॉबिन मॅकेन्झी यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. पाठ अशी मागे वाकवणे तेव्हा घातक मानत. मॅकेन्झी परत येऊन पाहतात तो रुग्णाच्या पायातली कळ गेलेली! मॅकेन्झींनी आनंद मानून विषय सोडला नाही. कोणत्या रुग्णाला कोणत्या दिशेने वाकल्यावर आराम पडतो, हे ते पुढे वर्षानुवर्षे तपासत राहिले.

आता त्या 'कट्' आवाजाविषयी. मणका जागेवरून सरकला होता आणि आता तो बसला, असे रुग्णाला वाटते आणि काही वेळा सांगितलेही जाते. ते खरे नाही. सांध्यातल्या द्रवावरचा दाब झटक्याने कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडताना होते तेच. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून ही पोकळी आवाजाच्या क्षणी तयार होताना टिपली. आवाज आला म्हणजे उपचार झाला असे नाही, आणि न आल्याने काही राहूनही जात नाही. हाताच्या उपचाराने आराम पडतो तो बहुधा मज्जासंस्थेमार्फत. काही काळ वेदनेचा जोर कमी होतो, आवळलेले स्नायू सैल पडतात, हालचालीची भीती जाते. हा काळ थोडा असतो. तेवढ्यात रुग्णाला व्यायामाला लावायचे असते. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सायटिका आणि कंबरदुखीसाठी मॅन्युअल थेरपीला जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीनेच.

मग प्रशिक्षणात शिकायचे काय? बोटांना दिव्यदृष्टी येते, असा एक समज या क्षेत्रातही आहे. तो संशोधनात टिकलेला नाही. दोन अनुभवी थेरपिस्टना एकच पाठ तपासायला दिली, तर कोणता मणका 'अडकला आहे' यावर त्यांचे एकमत फारसे होत नाही. कुठे दाबल्यावर दुखते, यावर त्यापेक्षा बरे होते. म्हणून चांगला शिक्षक विद्यार्थ्याला बोटांपेक्षा तुलनेवर विसंबायला शिकवतो. रुग्णाला जी हालचाल जमत नाही ती आधी मोजायची, एकच उपचार करायचा, लगेच पुन्हा मोजायचे. लोकलची कडी धरायला हात कानापर्यंतच जात होता, तो आता कुठवर जातो? फरक नसेल तर विचार बदलायचा. हे पुस्तकात दोन ओळींचे आहे. प्रत्यक्ष रुग्णासमोर, वरिष्ठाच्या नजरेखाली ते अंगवळणी पडायला महिने जातात. मॅन्युअल थेरपीचा १९७४ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय महासंघ प्रगत शिक्षणात किमान दीडशे तास असे देखरेखीखालचे रुग्णकाम मागतो, ते उगीच नाही. कार्यशाळेत विद्यार्थी एकमेकांच्या निरोगी पाठींवर सराव करतात. निरोगी पाठ सगळे सहन करते.

गोठलेल्या खांद्याचे उदाहरण बोलके आहे. मधुमेह्यांमध्ये हा त्रास अधिक, आणि मुंबईत मधुमेह्यांना तोटा नाही. पहिल्या काही महिन्यांत खांदा रात्रीही ठणकतो. या काळात जोर लावून तो 'सोडवण्याचा' प्रयत्न केला तर ठणका वाढतो. हलक्या हालचाली आणि धीर यांनीच तो लवकर निवळतो, असे अभ्यासांत दिसले आहे. ठणका सरून नुसता ताठरपणा उरला की जास्त जोराचे ताण देता येतात. तोच खांदा, तोच हात. फरक फक्त वेळेचा. तंत्र दोन दिवसांत शिकता येते, ही वेळ ओळखणे येत नाही.

खरी किंमत मोजावी लागते ती मणक्यात. उपनगरातल्या कोणत्याही सरकारी बाह्यरुग्ण विभागाला पुढचे चित्र अनोळखी नाही. पंचविशी-तिशीतली बाई, तीन महिने पाठदुखी. आधी बाम, मग मालिश, मग शेक. पाठ रात्रीही दुखते, संध्याकाळी अंग कोमट लागते, वजन उतरले आहे, ब्लाउज सैल झाले आहेत. पण ते कुणी विचारलेले नाही. मणक्याच्या क्षयात मण्यांचा पुढचा भाग पोखरला जातो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो दिसेलच असे नाही, एमआरआयमध्ये दिसतो. वेळेत कळले तर वर्षभर किंवा थोडी अधिक औषधे घेऊन बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहेत. अशा पोखरलेल्या मण्याला झटका बसला तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या थेरपिस्टने पहिल्या दहा मिनिटांत अशा रुग्णावरून हात काढून तिला डॉक्टरकडे पाठवणे, हे त्या प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे फळ आहे. ते भिंतीवर लावता येत नाही, आणि रुग्णालाही ते उपचार वाटत नाही. 'फिजिओने काहीच केले नाही,' असे म्हणतच ती येते.

लघवीवरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, ही लक्षणे असतील तर फिजिओथेरपीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. मानेच्या बाबतीत धोका रक्तवाहिन्यांचा असतो. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या मानेच्या मण्यांतून जातात. झटक्याने त्यांचे अस्तर फाटणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, पण फाटले तर पक्षाघात होऊ शकतो. पार्लरमध्ये केस धुताना मान फार मागे टेकवल्याने झालेल्या पक्षाघाताची नोंद अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९९३ मध्येच झाली आहे. सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून घेण्याची सवय म्हणून सोडलेली बरी. कधी न अनुभवलेले मानेचे किंवा डोक्याचे दुखणे, चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ जड होणे, यातले काही असताना मानेला झटका देणाऱ्याने आधी थांबायला हवे.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबद्दल प्रथमच मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण, हाताने केलेले मणक्याचे उपचार आणि मालिश यांना जागा आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक, विजेचे झटके देणारे टेन्स यंत्र आणि कंबरेचा पट्टा नेहमीच्या वापरासाठी नकोत, असे ती सांगतात. आपल्याकडे चालते नेमके उलटे. त्यामागे हिशेब आहे. एक थेरपिस्ट चार पडद्यांआड चार यंत्रे लावू शकतो. हात मात्र एका वेळी एकाच पाठीवर ठेवता येतात. शिवाय वर्षानुवर्षे अंगठ्याने मणके दाबून थेरपिस्टचे स्वतःचे अंगठे दुखायला लागतात, तो भाग वेगळाच.

या हिशेबात डॉक्टरांचाही वाटा आहे. राजावाडी असो, कूपर असो की गल्लीतला खासगी दवाखाना, 'फिजिओ, दहा दिवस' एवढ्या चिठ्ठीवर रुग्ण पाठवला जातो. निदान नाही, आधीचे आजार नाहीत. सत्तरीतल्या बाईच्या चिठ्ठीवर हाडे ठिसूळ असल्याचा एक शब्द लिहिला, तर थेरपिस्टचा तळवा तिच्या मणक्यावर किती भार देईल ते बदलते. तो शब्द नसला की त्यालाच विचारावे लागते: साध्या पडण्याने कधी हाड मोडले होते का, उंची कमी झाली आहे का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किती वर्षे चालू आहेत, पूर्वी कर्करोगाचे उपचार झाले होते का, रक्त पातळ करणारे औषध सुरू आहे का.