गर्भाशयांतील पॉलिप आणि औषधाची मर्यादा

लग्नाला चार-पांच वर्षें होऊनहि मूल झालें नाहीं, कीं बहुधा घरांतल्या सुनेलाच औषध सुरू होतें. पतीची तपासणी मागाहून, पुष्कळदां होतहि नाहीं. अशा स्त्रीच्या सोनोग्राफींत ‘पॉलिप’ निघाला, म्हणजे वडील मंडळी विचारतात : तो गोळ्यांनीं जाणार नाहीं का ?

पॉलिप म्हणजे गर्भाशयाच्या आंतल्या अस्तरावर उगवलेला मऊ मांसांकुर. फायब्रॉइडची गांठ स्नायूची व टणक. हा अंकुर अस्तराचाच, कधीं देठावर लोंबणारा. इस्ट्रोजेन नांवाच्या अंतःस्रावावर तो पोसतो. कुणाला दोन पाळ्यांच्या मध्येंच रक्त दिसतें, कुणाला कांहींच जाणवत नाहीं. गर्भ रुजावयाचा तो याच अस्तरांत.

प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्यांनीं रक्तस्राव आटोक्यांत येतो, अंकुर थोडा आक्रसूंहि शकतो. औषध थांबलें कीं तक्रार परतण्याचा संभव असतो. अंडाशयाचें कार्य थोपविणाऱ्या इंजेक्शनांचीहि तीच गत. परंतु खरी अडचण निराळीच आहे. या औषधांपैकीं बहुतेकांनीं स्त्रीबीज सुटणेंच थांबतें. स्तनाच्या कर्करोगासाठीं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारें साधन गर्भाशयांत बसविल्यास नवे पॉलिप कमी होतात. पण तें मुळांत संततिनियमनाचें साधन! अपत्येच्छु स्त्रीला तें देणें म्हणजे पेरणीच्या दिवसांत शेताचें पाणी तोडणें होय. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीचे असे सहा महिने गेले, तर ते भरून येत नाहींत.

म्हणून भर आहे तो पॉलिप काढण्यावर. १८६९ सालीं पँटालिओनी या वैद्यानें गर्भाशयांत नळी घालून असा अंकुर पाहिला व जाळला. आजची दुर्बीण योनिमार्गेंच जाते, पोटावर छेद लागत नाहीं. शिवाय काढलेला तुकडा तपासतां येतो, जें गोळीनें साधत नाहीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील प्रयोगांत, कृत्रिम रेतन करावयाच्या २१५ स्त्रियांपैकीं ज्यांचा पॉलिप काढला त्यांच्यांत शेंकडा सुमारें ६३ जणींना गर्भ राहिला, इतरांत सुमारें २८ जणींना. पहिल्या गटांतल्या पुष्कळ जणींना तर रेतनापूर्वींच. टेस्ट-ट्यूब उपचारापूर्वीं पॉलिप काढण्याबद्दल एवढा स्पष्ट पुरावा नाहीं. आणि नलिका बंद असतील किंवा पतीच्या वीर्यांत दोष असेल, तर नुसता पॉलिप काढून भागत नाहीं.

एक सेंटिमीटरहून लहान अंकुर कधीं आपोआपहि जिरतो. तेव्हां तरुण स्त्रीनें, त्रास नसल्यास, डॉक्टरांच्या संमतीनें कांहीं महिने वाट पाहणें गैर नव्हे. मात्र फेरतपासणी पाळी संपतांच व्हावी. महिन्याच्या उत्तरार्धांत अस्तर जाड होतें, आणि बारीक अंकुर त्यांत दडून राहतो.