थकलेला हात आणि ट्रिगरवरचे बोट

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी दहा मीटर एअर पिस्तुल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पंचवीस मीटर पिस्तुल प्रकारात सुवर्णपदक पटकाविले होते. आता आपल्या वसतिगृहातील मुलेमुलीही या खेळाविषयी विचारू लागली आहेत. म्हणून त्यातील एक मर्म येथे मांडतो.

सुमारे एक किलो वजनाचे पिस्तुल एकाच हाताने, कोणत्याही आधाराविना पेलायचे असते. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर. नळीच्या टोकावरील साइट एक मिलिमीटर कलली, तरी दहा मीटरवर छर्रा सुमारे तीस मिलिमीटर भरकटतो.

नियमानुसार ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. सामान्यतः तो दोन टप्प्यांत विभागलेला असतो. पहिल्या टप्प्यात बोट बराचसा भार घेते. मग किंचित अडथळा जाणवतो. तेथून दाब अल्पसा वाढताच छर्रा सुटतो. हा अडथळा बोटाला स्पष्ट कळणे, हीच ट्रिगरची जाण.

थकवा प्रथम याच जाणिवेवर घाला घालतो. उचललेला हात काही सेकंद स्थिर राहतो. पुढे खांदा व मनगट थकून कंप वाढतो. मग नेमबाज नकळत मूठ आवळतो, अडथळा कळेनासा होतो आणि उतावीळ बोट ट्रिगरला हिसका देते. नेम चुकतो तो तेथे.

आपल्या एका विद्यार्थ्याचा सराव पाहताना त्याचा हात थरथरू लागला. मी मागून म्हणालो, "धीर सोडू नकोस, मार!" त्याने मारले आणि छर्रा दूर गेला. प्रशिक्षक मला शांतपणे म्हणाले, "सर, त्या क्षणी हात खाली घ्यायला सांगायचे असते." आयुष्यभर मुलांना चिकाटी शिकविणाऱ्या मला तो धडा नवा होता.

खेळाचे नियमही तेच सुचवितात. साठ नेमांसाठी ७५ मिनिटे मिळतात. म्हणजे प्रत्येक नेमास सव्वा मिनिट. त्यात हात खाली घेऊन, श्वास सावरून पुन्हा उचलण्यास पुरेसा अवकाश असतो. छर्रा न भरता केलेल्या कोरड्या सरावाने बोटाची जाण वाढते. मात्र तोही प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा आणि मनगट वा खांदा दुखू लागताच थांबवावा.

पालकांना एकच विनंती. मूल सरावावरून परतल्यावर "आज किती नेम मारलेस?" एवढेच विचारू नका. "आज किती वेळा हात खाली घेतलास?" हेही आवर्जून विचारा.