हद्द पोलिसांची, तक्रार आपली



पावसाळा संपला की जव्हार, मोखाडा, शहापूरच्या पाड्यांवरची कुटुंबे ठेकेदाराकडून उचल घेऊन वीटभट्टीवर निघतात. काही आपल्या भिवंडी तालुक्यात येतात, काही अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत जातात. उचल फिटली नाही म्हणून मालकाने अडवून ठेवले, तर पाड्यावर राहिलेले नातेवाईक विचारतात, "इथले पोलीस तिथे जाऊन आणतील का?" म्हणून हे नीट समजून घेऊ.

तक्रारीला हद्द नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला, तरी त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवतात. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. त्याची प्रत मोफत मिळते. नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. आयुक्तालयाच्या भागात पोलीस उपायुक्तांकडे.

तपासाला मात्र हद्द आहे. पोलीस हा राज्यांचा विषय असल्यामुळे महाराष्ट्र पोलीस गुजरात पोलिसांना हुकूम देऊ शकत नाहीत, मदत मागू शकतात. आपले पथक तिथे जाऊन आरोपीला अटक करू शकते; पण स्थानिक ठाण्याला कळवून. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. त्याला राज्याबाहेर आणण्यासाठी तिथल्या न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड घेतात. परदेशात तर आपल्या पोलिसांना अटकेचा अधिकारच नाही. इंटरपोलमार्फत विनंती गेली, तरी अटक त्या देशाचे पोलीसच करतात.

आणखी एक मर्यादा आपण पुष्कळदा विसरतो. वेठबिगारीतून मुक्ततेचा दाखला पोलीस देत नाहीत, तो जिल्हाधिकारी किंवा प्रांत देतात. 1976 च्या वेठबिगार कायद्याने उचलीचे असे कर्ज रद्दच ठरते. पण दाखला न घेता कुटुंब घरी आले, तर पुनर्वसनाची मदत मिळवणे कठीण होते आणि पुढच्या हंगामात तोच ठेकेदार पुन्हा दारात उभा राहतो.

हद्दीचा प्रश्न राज्यातही येतो. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढ्या राखण्यासाठी अहमदनगर जिल्ह्यात वेठीला ठेवल्याचे उघड झाले, तेव्हा एका लहान मुलीचा जीव गेला होता.

म्हणून आपल्या मंडळीने एवढे करावे:

1. कुटुंब कामाला निघण्यापूर्वी ठेकेदाराचे नाव व फोन, गाडीचा नंबर, भट्टीचे गाव आणि उचलीची रक्कम वहीत लिहून ठेवावी.
2. कोणी अडकल्याचे कळताच जवळच्या ठाण्यात तक्रार द्यावी. तातडीच्या वेळी 112, मुलांसाठी 1098.
3. ज्या जिल्ह्यात कुटुंब अडकले आहे, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवावे.
4. कुटुंब परत येण्यापूर्वी मुक्ततेचा दाखला मागून घ्यावा.

वहीतल्या त्या चार ओळी असल्या, तर पोलिसांना शोध कुठे घ्यायचा हे पहिल्याच दिवशी कळते.