मोठ्या व्यासाच्या रायफलीचा नेम किती अंतरावर बसवावा : भंडारा जिल्ह्यातील अरण्याच्या संदर्भात

रायफलीतून सुटलेली गोळी काही अंतरापर्यंत सरळ रेषेत जाते व नंतर खाली येऊ लागते, असा समज बंदूक बाळगणाऱ्यांमध्येही आढळतो. वस्तुतः नळीचे तोंड सोडताक्षणीच गोळीवर गुरुत्वाकर्षणाचा अंमल सुरू होतो आणि नळीच्या अक्षापासून ती सतत खाली जात असते. डोळा मात्र मागील खाच, पुढील माशी व लक्ष्य यांना जोडणाऱ्या सरळ रेषेत पाहतो. ही दृष्टिरेषा नळीच्या अक्षाहून काहीशी उंच असते. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. परिणामी गोळी खालून वर येताना दृष्टिरेषेला एकदा छेदते, काही अंतर तिच्या वरून जाते आणि उतरताना तिला पुन्हा छेदते. हा दुसरा छेदबिंदू ज्या अंतरावर पडेल त्या अंतरावर रायफलीचा नेम बसविला आहे, असे म्हणतात. हे अंतर रायफलीच्या सामर्थ्यावरून ठरवावे की ती जेथे वापरावयाची त्या भूमीवरून, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न होय.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत प्रथम मध्य प्रांताच्या व नंतर मध्य प्रदेशाच्या शासनाखाली होता. त्या राजवटीत अरण्याचे शिकारीसाठी गट पाडून परवाने दिले जात. १९७० मध्ये नागझिऱ्याचे अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या छंदावर कडक निर्बंध आले. १९९९ च्या जिल्हा-विभाजनात नागझिऱ्याचा बहुतेक भाग गोंदियाकडे गेला, तरी कोका व पवनी या बाजूंस भंडाऱ्याचे अरण्य शिल्लक आहे. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. तोही प्राण्याला पकडणे वा बेशुद्ध करणे शक्य नसल्याची खात्री झाल्यावर. असा प्रसंग क्वचितच येतो, परंतु तो आला म्हणजे चुकलेल्या नेमाची किंमत फार मोठी असते. जखमी होऊन बांबूत शिरलेला वाघ किंवा रानडुक्कर मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपाने तोडणाऱ्या माणसांच्या वाटेवरच असतो.

या अरण्याचे स्वरूप शुष्क पानझडीचे आहे. साग, ऐन, बिजा, तेंदू आणि त्यांच्यामधून बांबूची बेटे. पावसाळा संपताना गवत व पालवी इतकी दाट असते की चाळीस-पन्नास मीटरांपलीकडील जनावर क्वचितच संपूर्ण दिसते. चैत्र-वैशाखात पानगळीने रान मोकळे होते, आणि तलावाच्या काठी किंवा धानाच्या बांधीत शंभर-दीडशे मीटरांचा पल्लाही मिळतो. मचाणावरून मात्र वीस-तीस मीटरांचेच काम असते.

आता अंकांकडे वळू. ०.४७० इंची नायट्रो एक्सप्रेस हे जड वर्गातील प्रातिनिधिक काडतूस घ्यावे. त्याच्या गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅम व मुखवेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर असतो. माशी नळीच्या अक्षाहून अडीच सेंटीमीटर उंच धरली, तर पुढील स्थूल अंक मिळतात. नेम १०० मीटरांवर बसविल्यास ५० मीटरांवर गोळी दृष्टिरेषेच्या सुमारे २ सेंटीमीटर वर लागते, १५० मीटरांवर ९ ते १० सेंटीमीटर खाली जाते, आणि २०० मीटरांवर पाव मीटराहूनही अधिक घसरते. नेम ५० मीटरांवर बसविला तर १०० मीटरांवर गोळी केवळ ४ सेंटीमीटर खाली लागते. परंतु कोणी हौसेने २०० मीटरांवर नेम बसविला, तर १०० मीटरांच्या आसपास तीच गोळी १३ सेंटीमीटरांहून अधिक वर जाईल. सांबराच्या छातीवर ही चूक कदाचित पचेल. रानडुकराच्या बाबतीत गोळी पाठीवरून निघून जाण्याचा किंवा कण्याच्या वरचे मांस फाडून जाण्याचा संभव आहे. मर्मस्थानाचा व्यास १५ सेंटीमीटर धरला, तर मध्यापासून वर वा खाली सात-साडेसात सेंटीमीटरांपलीकडची चूक परवडत नाही. या कसोटीला ५० आणि १०० मीटर ही दोन्ही अंतरे भंडाऱ्याच्या अरण्यातील नेहमीच्या पल्ल्यात उतरतात; २०० मीटरांचे अंतर, ज्या पल्ल्यात खरोखर गोळी झाडावयाची तेथेच, उतरत नाही.

०.३७५ इंची हॉलंड अँड हॉलंड हे १९१२ सालचे काडतूस अधिक वेगवान आहे, १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटरांनी निघते. दुर्बीण बसविलेल्या अशा रायफलीचा नेम २०० मीटरांवर ठेवला तर १०० मीटरांवर गोळी सुमारे ८ सेंटीमीटर वर असते. आफ्रिकेच्या माळरानावर ही व्यवस्था सोयीची आहे. बांबूच्या रानात तिचा लाभ काहीच नाही, तोटा मात्र ८ सेंटीमीटरांचा आहे.

उघड्या नेमाच्या रायफलीत आणखी एक मर्यादा आड येते. माशीचा मणी अडीच मिलिमीटर रुंद व डोळ्यापासून ९० सेंटीमीटर दूर असेल, तर १०० मीटरांवर तो सुमारे २८ सेंटीमीटरांचा भाग झाकतो आणि २०० मीटरांवर ५५ सेंटीमीटरांचा. म्हणजे तेवढ्या अंतरावर जनावराची बहुतेक सारी छातीच मण्याआड जाते. जुन्या रायफलींवर १००, २०० व ३०० यार्डांच्या उघडत्या पात्या कोरलेल्या दिसतात. त्यांतील शेवटच्या पातीचा उपयोग ग्राहकाचे मन राखण्यापलीकडे फारसा झाला असेल असे वाटत नाही.

दुनळी रायफलीत तर नेमाचे अंतर मालकाच्या हाती फारच थोडे असते. तिच्या दोन नळ्या किंचित एकमेकींकडे वळवून जोडलेल्या असतात, आणि विशिष्ट काडतूस वापरून दोन्हींच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र पडतील असे कारागिराने गोळ्या झाडून पाहत जुळविलेले असते. माशी घासून वा बदलून उंची सुधारता येते. नळ्यांचे जुळणे बदलता येत नाही. म्हणून अशा रायफलीस अंतर निवडण्यापेक्षा काडतूस निवडणे महत्त्वाचे. (०.४७० व तिच्या जवळपासच्या व्यासांचा हिंदुस्थानात प्रसार होण्याचे कारण शिकारीचे नव्हतेच. लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या ०.४५० व्यासाचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी त्या व्यासाची आयात बंद केली आणि बंदूक-कारखानदारांनी लगोलग नवे व्यास काढले.)

भंडाऱ्यात उन्हाळ्याचा विचार अपरिहार्य ठरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर पौषातील पहाटे तो दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. काडतुसातील दारू तापली की ती अधिक वेगाने जळते, नळीतील दाब चढतो व गोळीचा वेग वाढतो. जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत तोफा-बंदुकांची प्रणोदक दारू तयार होते. तेव्हा हा विषय या जिल्ह्याला परका नाही. तथापि नेमावर होणारा परिणाम लोक समजतात तेवढा नसतो. वेग सेकंदाला १५ मीटरांनी वाढला असे धरले तरी १०० मीटरांवर गोळीच्या पतनात जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचा फरक पडतो. खरी हानी दाबाने होते : रिकामे काडतूस कोठीत अडकते आणि दुसरी गोळी वेळेवर झाडता येत नाही. दुनळीत शिवाय नळ्यांचे जुळणे बिघडते. या कारणास्तवच विलायती कारखाने उष्ण प्रदेशांसाठी दारूचे प्रमाण कमी केलेली काडतुसे वेगळी भरीत. आजही नेम बसविण्याचे काम ज्या ऋतूत रायफल वापरावयाची त्याच ऋतूत, सावलीत ठेवलेल्या काडतुसांनी करावे हे उत्तम.

प्रत्यक्ष कृतीत प्रथम २५ मीटरांवर कागद लावून गोळी कागदावर आणावी, आणि मगच ५० वा १०० मीटरांवर खात्री करावी. कठीण आधारावर नळी टेकविल्यास गोळी वर उसळते; आधार मऊ असावा व नळीखाली नसून पुढील लाकडाखाली असावा. जड रायफलीचा धक्का तीन-चार बारांनंतर चांगल्या नेमबाजालाही दचकावयास लावतो, आणि मग कागदावरील छिद्रे रायफलीऐवजी माणसाचा दोष दाखवू लागतात. त्या दिवशी तेथेच थांबावे.

अलीकडे या जिल्ह्यात गोळीपेक्षा बेशुद्धीच्या सुईचा प्रसंग अधिक येतो. वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी या भागांत १३ माणसे मारल्याचे वनखात्याने सांगितलेला ‘सीटी-१’ हा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी बेशुद्ध करूनच पकडण्यात आला. सुई फेकणाऱ्या बंदुकीची नळी ११ किंवा १३ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे मोठ्या रायफलीइतकीच. वेग मात्र अत्यल्प. तो सेकंदाला ६० मीटर धरला तर २५ मीटर जाताना सुई ८५ सेंटीमीटर खाली येते आणि ३० मीटर जाताना सव्वा मीटर. नेम २५ मीटरांवर बसविलेला असताना वाघ ३० मीटरांवर असेल, तर सुई सुमारे २० सेंटीमीटर खाली पडेल. मांडीचा जाड स्नायू चुकून ती खालच्या पायावर वा हाडावर बसेल. ०.४७० रायफलीच्या बाबतीत अंतराचा अंदाज २५ मीटरांनी चुकला तरी पहिल्या शंभर मीटरांत दोन-तीन सेंटीमीटरच बिघडतात. येथे पाच मीटरांची चूकही पुरेशी आहे. दाब वाढवून मार्ग सरळ करावा म्हटले, तर जवळच्या अंतरावर सुई स्नायूत खोल घुसून जनावराला इजा करते. त्यामुळे या बंदुकीस नेमाचे एकच अंतर असू शकत नाही. सुईचे वजन, वायूचा दाब व अंतर यांचे कोष्टक प्रत्येक बंदुकीसाठी आधीच झाडून तयार करावे लागते, आणि जागेवर अंतर डोळ्याने न ठरविता उपकरणाने मोजावे लागते.