टाइप-१ मधुमेह, दीर्घ परिणामी इन्सुलिन आणि व्यायाम : दक्षिण-मध्य मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

टाइप-१ मधुमेहात स्वादुपिंडातील बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होतात. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घेणे अपरिहार्य ठरते. १९२२ मध्ये टोरांटो येथे पहिल्या रुग्णास इन्सुलिन टोचले जाईपर्यंत हा आजार प्राणघातकच होता. आज रुग्ण दीर्घायुषी होऊ शकतो. मात्र त्याच्या खेळण्या-बागडण्याविषयीची भीती कुटुंबात कायम आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांत ती विशेष जाणवते. शिवाजी पार्कवरील क्रिकेट व मल्लखांब, गोपाळकाल्यापूर्वी रात्री चालणारा गोविंदा पथकांचा सराव, अनंत चतुर्दशीला लालबागहून गिरगाव चौपाटीकडे निघणाऱ्या प्रदीर्घ मिरवणुका हे येथील तरुणांचे जीवन आहे. त्यापासून रुग्णास तोडण्याऐवजी इन्सुलिनचा प्रकार व व्यायामाची वेळ यांची सांगड कशी घालावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्यायाम आणि रक्तशर्करा

निरोगी व्यक्तीत व्यायाम सुरू होताच इन्सुलिनचा स्राव आपोआप घटतो. टोचलेले इन्सुलिन मात्र परत घेता येत नाही. परिणामी धावताना वा पोहताना स्नायू साखर ओढून घेतात आणि यकृतातून तिची पुरेशी भरपाई होत नाही. याउलट अल्पकालीन, तीव्र श्रमांत ॲड्रेनलिनमुळे शर्करा काही काळ वाढू शकते. व्यायामानंतर स्नायू आपला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरतात; म्हणून शर्करा घसरण्याचा धोका सुमारे २४ तास राहतो. सायंकाळच्या सरावानंतर ही घसरण मध्यरात्री, झोपेत येऊ शकते.

इन्सुलिनचे प्रकार

१९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये विकसित झालेले एनपीएच हे दुधाळ, तुलनेने स्वस्त इन्सुलिन साधारणतः ४ ते १० तासांनी सर्वाधिक प्रभावी होते. रात्री दहाला घेतल्यास त्याचा जोर मध्यरात्रीनंतर वाढतो, म्हणजे नेमका सरावोत्तर घसरणीच्या वेळी. अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळालेले ग्लार्जिन त्वचेखाली सूक्ष्म कणांच्या रूपात साठून हळूहळू विरघळते. त्याचा परिणाम सुमारे २४ तास व बराचसा समान राहतो. डेग्लुडेकचा परिणाम ४२ तासांहून अधिक टिकतो. त्यामुळे रात्रीच्या घसरणीचा धोका कमी होतो; परंतु मात्रेतील बदलाचा पूर्ण परिणाम दिसण्यास तीन-चार दिवस लागतात. आज सराव ठरला म्हणून आजचे डेग्लुडेक कमी करून फारसे साधत नाही. अधिक काळ टिकणारे इन्सुलिन सर्वांसाठी सर्वथा सोयीचेच, हे समीकरण म्हणूनच अपुरे आहे.

व्यवहारातील नियोजन

धावण्यासारख्या व्यायामाच्या आरंभी रक्तशर्करा सर्वसाधारणपणे १२६ ते १८० मिलिग्रॅम असावी. ती ९० पेक्षा कमी असल्यास प्रथम १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घेऊन थांबावे. शर्करा फार वाढलेली व कीटोनही वाढलेले असल्यास व्यायाम टाळावा. जेवणानंतर लगेच व्यायाम असल्यास त्या जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन वैद्यकीय सल्ल्याने कमी करता येते. एनपीएच वा ग्लार्जिन घेणाऱ्यांची सरावाच्या रात्रीची मात्रा सुमारे २० टक्क्यांनी घटवण्याचा पर्यायही डॉक्टर सुचवू शकतात. डेग्लुडेक घेणाऱ्यांना मात्र मुख्यतः जलद इन्सुलिन, आहार व झोपण्यापूर्वीची तपासणी यांवरच भर द्यावा लागतो. ज्या अवयवाचे श्रम होणार, तेथे टोचणे टाळावे. धावण्यापूर्वी मांडीऐवजी पोट निवडावे.

अनेक तासांच्या मिरवणुकीत दर तासाला तपासणी, खिशात ग्लुकोज व वेळेवर खाणे आवश्यक असते. इन्सुलिन उन्हापासून जपावे, पण थेट बर्फात ठेवू नये. हात थरथरणे, घाम, गोंधळ ही लक्षणे पथकातील किमान दोघांना ठाऊक असावीत, कारण गर्दीत ती थकवा समजून दुर्लक्षिली जातात. थरावर चढलेल्या गोविंदाला भोवळ आली तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. तपासणीशिवाय त्याने थरावर चढू नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता तिला त्वरित रुग्णालयात न्यावे.

निष्कर्ष

इन्सुलिनचा प्रकार केवळ किंमत वा नवेपणा पाहून न ठरवता रुग्णाचा दिनक्रम पाहून ठरवणे हितावह आहे. एनपीएच घेणारा विद्यार्थीही सराव सकाळी ठेवून आणि रात्रीची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने बदलून खेळू शकतो. त्यासाठी परळच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात तपासणीस जाताना शर्करेच्या नोंदवहीत सरावाची वेळही लिहिलेली असावी. डॉक्टरांना ती वेळ कळली, तरच मात्रा खेळाला अनुरूप होते. अन्यथा खेळच बंद होतो.